हस्तातली सडक

हस्ताचा पाऊस मला आवडत नाही. हे मी मोठ्यानं बोलत नाही, कारण आमच्या भागात पावसाला नावं ठेवणं म्हणजे ताटातल्या भाकरीला नावं ठेवणं. शाळूची पेरणी याच पावसाच्या ओलीवर होते, विहिरी याच पावसानं तोंडाला येतात, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी नाही आवडत. मृगाचा पाऊस निदान सांगून येतो. पुढचे पाऊस झोडपतात, ओढे फोडतात, पण रस्ता धुऊन तरी जातात. हस्ताचा पाऊस लबाड. तो चार-चार दिवस ऊन देतो, सडक वाळू देतो, तिच्यावर धूळ, तेल, शेण, माती सगळं बसू देतो. आणि मग एखाद्या सकाळी चार शिंतोडे टाकून निघून जातो. धुवत नाही, नुसतं कालवून ठेवतो.

गल्लीतल्या पोरी पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात. गाणी कानावर आली की मी खिडकी लावून घेते. पोरींवर राग नाही. त्या दिवसांतली हवाच मला सोसत नाही. ओल्या मातीच्या वासाचं लोकांना केवढं कौतुक. मला त्या वासात डांबर आणि पेट्रोल येतं.

परवा पेपरात वाचलं, पावसामुळे गाडी घसरली आणि दोघं गेले. इतकी वर्षं झाली, हे वाक्य काही बदललं नाही. पावसामुळे गाडी घसरली. या तीन शब्दांत माणूस कुठंच नाही. पावसानं केलं, गाडीनं केलं. गाडीला म्हणे कुणी चालवतच नव्हतं. शाळेत मी पोरींना व्याकरणही शिकवलं आहे. वाक्यातला कर्ता शोधा म्हटलं की त्या पटकन शोधतात. या वाक्यातला कर्ता शोधताना माझ्या आयुष्यातलं एक नातं गेलं.

ही गोष्ट आमचा जिल्हा मराठी राज्यात आला त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. तेव्हा जिल्ह्याच्या गावाचं नाव उस्मानाबादच होतं. घरातली जुनी माणसं मात्र धाराशिवच म्हणायची. आम्ही तुळजापूरचे. घराण्यात पूजेची पाळी होती, पण माझे वडील शाळेत मास्तर होते. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. आई लवकर गेली. आम्ही दोघी बहिणी. थोरली अक्का, धाकटी मी, विमल. अक्का उस्मानाबादेत दिली होती. तिचे यजमान वसंतराव, म्हणजे आमचे दाजी, लाकडाची वखार चालवायचे. माणूस गोरागोमटा, हौशी, बोलायला तरबेज. त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जीप आणली आणि तेव्हापासून ते जमिनीवर चालेनासे झाले. कोपऱ्यावरच्या दुकानातून तंबाखू आणायची तरी जीप. जीपला ते 'रणगाडा' म्हणायचे. आम्ही हसायचो. तात्या हसायचे नाहीत.

त्या वर्षी दसरा लवकर आला होता. दसरा झाला, कोजागिरी यायची होती, आणि मधल्या दिवसांत मला दाखवायचं ठरलं. स्थळ लोहाऱ्याचं, मुलगा तहसील कचेरीत कारकून. ते लोक अक्काच्या घरी येणार आणि आम्ही तिथं जायचं. न्यायला दाजी आदल्या दिवशी जीप घेऊन तुळजापूरला आले, अक्का आणि तिची तान्ही शालू बरोबर. सकाळी लवकर निघायचं, असं तात्यांनी तीनतीनदा सांगितलं होतं. दाजी उठले तेव्हा उन्हं अंगणात आली होती. मग त्यांना दाढी करायची होती. मग चहा बरा झाला नव्हता.

मी हिरवं इरकल नेसून ओट्यावर बसले होते. अक्का माझ्या केसांत फुलं माळत होती. म्हणाली, "फार बोलू नकोस तिथं. विचारलं तेवढंच सांग." ते ऐकून मला राग आला होता, हे आठवतं. पुढं तेच वाक्य ती मला पुन्हा ऐकवणार आहे, हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

निघताना भुरभुर सुरू झाली. पाऊस म्हणावा असा नव्हताच तो. अंगावरचं लुगडंही भिजू नये इतपत. तात्यांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "वसंतराव, थोडं थांबायचं का? एक चांगली सर येऊन जाऊ द्या."

दाजी म्हणाले, "मामा, चार थेंबांना काय थांबायचं. मुसळधार असता तर गोष्ट वेगळी."

त्यांचं हे म्हणणं कुणालाही पटावं असंच होतं. मलाही पटलं. मुसळधार पावसात सडक धुतली जाते आणि चाकाला खाली खडी सापडते. भुरभुरीत सगळी घाण कालवली जाऊन तिचा साबण होतो, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. आज माहीत आहे, आणि ते ज्या रीतीनं कळलं ती रीत माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

तात्या पुढं दाजींशेजारी बसले. मागच्या बाकड्यावर अक्का शालूला घेऊन आणि तिच्या समोर मी. दोन पुढच्या माणसांच्या मधल्या फटीतून मला समोरची सडक दिसत होती. दाजींना उशीर झाला होता, आणि उशीर स्वतःमुळे झाला की माणूस त्याचा राग पायावर काढतो. जीप तुळजापुराबाहेर पडली आणि ताडपत्री फडफडायला लागली.

सडकेवर त्याच उन्हाळ्यात डांबर पडलं होतं. लोकांना केवढा आनंद. मुरमाच्या रस्त्यावर हाडं खिळखिळी व्हायची, आता पोटातलं पाणी हलत नाही, असं सगळे म्हणत. पण सडकेच्या दोन्ही बाजूंना काळी रानं. पेरणीचे दिवस. तिफणी घेऊन बैलगाड्या रानातून वर सडकेवर चढायच्या, आणि चाकांच्या लोखंडी धावांना लागलेली काळी माती त्या नव्या डांबरावर टाकत जायच्या. कोरडी असते तोवर ती नुसती माती. भुरभुर झाली की ती तव्यावरच्या तेलासारखी पसरते.

तात्या एकदा म्हणाले, "वसंतराव, जरा बेतानं घ्या."

दाजी म्हणाले, "मामा, हिनं लढाई बघितलेली आहे. ब्रेक नवे टाकलेत. बोट लावलं की जागेवर उभी राहते."

मग तात्यांनी समोरची कडी धरून ठेवली. जावयाला तिसऱ्यांदा सांगायचं नसतं.

एका ओढ्याच्या अलीकडे सडक उजवीकडे वळते. वळणाच्या पलीकडे, डाव्या कडेला, एक बैलगाडी उभी होती. चालत नव्हती. गाडीवान पलीकडच्या बाजूला वाकून चाकाची खीळ ठोकत होता. मला त्याचं मुंडासं तेवढं दिसलं. गाडी पूर्ण सडकेच्या खाली घेतलेली नव्हती, पण कडेलाच होती. उजवीकडून जायला वाट होती. वळणाच्या अलीकडे वेग कमी केला असता तर जीप शांतपणे वळून, शेजारून निघून गेली असती. दाजींनी वेग कमी केला नाही. बैल दिसल्यावर त्यांनी बोट नाही, सगळा पाय लावला.

मग जे झालं ते इतकं हळू झालं की मला आजही ते पूर्ण दिसतं. ब्रेक लागला तो कळला, कारण चाकांचा आवाज बंद झाला. आवाज बंद झाला आणि जीप तशीच जात राहिली. दाजी चक्र उजवीकडे फिरवत होते, जीप ऐकत नव्हती. चक्र एकीकडे, जीप एकीकडे. मागचं अंग आम्हा तिघींना घेऊन बाजूला सरकलं, सडक आडवी झाली, मग बैल आला. शिंग, डोळा, आणि एक आवाज जो मी लिहिणार नाही. जीप सडकेकडेच्या चारीत कलंडली.

शालूला खरचटलंसुद्धा नाही. अक्कानं तिला पोटाशी धरून सगळा मार पाठीवर घेतला होता. दाजींच्या कपाळाला खोक पडली. मला मुका मार. तात्या बाहेर फेकले गेले होते आणि त्यांचा उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळला होता. ते कण्हतही नव्हते. "पोर बरी आहे का?" एवढंच विचारत होते, आणि त्यांना कोणती पोर म्हणायची होती ते मला कधी कळलं नाही.

गाडीवानाचं मनगट मोडलं होतं. त्याचं नाव ज्ञानोबा, जवळच्याच वस्तीवरचा. तो मनगट छातीशी धरून, पडलेल्या बैलाच्या तोंडाजवळ उकिडवा बसला आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिला. शिवी नाही, आरडाओरडा नाही.

थोड्या वेळानं उस्मानाबादेकडे जाणारी एसटी आली. ती लांबूनच मंदावली आणि हळूहळू येत आमच्यापासून अंतर ठेवून उभी राहिली. तीच सडक, तोच चिखल, जीपहून कितीतरी जड गाडी, आणि ती थांबली. दुःखाच्या भरात माणसाच्या लक्षात काय काय राहतं बघा. तात्यांना उचलून त्या एसटीत घालताना माझ्या डोक्यात एकच होतं, ही कशी थांबली.

उस्मानाबादच्या दवाखान्यात तात्यांच्या पायाला वजन बांधून ठेवलं. मी अक्काच्या घरी राहून त्यांचं बघत होते. भेटायला येणारे येऊ लागले, आणि माझ्या रागाला तिथून सुरुवात झाली. जो येई तो म्हणे, "देवीनं राखलं." कुणी म्हणे, "त्या वळणाची जागाच वाईट. तिथं लिंबू-नारळ द्यायला पाहिजे." कुणी दाजींच्या कपाळावरची पट्टी बघून हळहळे आणि म्हणे, "काय करणार हो, गाडीच घसरली तर." दाजी मान डोलवत. तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत त्या गोष्टीत बैलगाडी नुसती उभी होती. मग ती सडकेवर होती. मग ती आडवी आली. लाकूड तासावं तशी दाजी ती गोष्ट तासत होते, आणि मी तात्यांच्या उशाशी बसून ऐकत होते.

लोहाऱ्याच्या लोकांचा निरोप आला. मुलीच्या पायगुणाविषयी घरच्या वडीलधाऱ्यांना शंका वाटते, असा. अक्कानं तो मला आडून आडून सांगितला. मी म्हटलं, "माझा पाय ब्रेकवर नव्हता." त्या घरात ते पहिल्यांदा बोललं गेलं होतं.

मग कळलं की खटला ज्ञानोबावर होतोय. सडक अडवून गाडी आडवी घातली, म्हणून अपघात झाला. दाजींनी ठाण्यात तसं बयान दिलं होतं. ठाण्यातले अमीनसाहेब (राज्य बदललं तरी लोक फौजदाराला अमीनच म्हणत) दाजींच्या वखारीवर येऊन बसत असत. मी त्यांना दोष देत नाही. पुढ्यात एकच गोष्ट होती, ती त्यांनी लिहून घेतली.

ज्ञानोबा एक दिवस दवाखान्यात आला. हात गळ्यात बांधलेला. दाराशीच उभा राहिला. तात्यांनी आत बोलावलं तर म्हणाला, "न्हाय मास्तर, इथंच बराय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, म्या कडंलाच व्हतो. खीळ निसटली म्हणून थांबलो. तुमी बगितलं का न्हाय मला ठावं न्हाय. पर म्या आडवा आलो न्हाय."

मी म्हटलं, "बघितलं."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि निघाला. दोन पावलं जाऊन थांबला. "लई गुणाचा बैल व्हता," असं भिंतीकडे बघत म्हणाला आणि गेला. त्या हस्तात त्याची पेरणी झाली नाही. एका बैलावर तिफण चालत नाही.

तो गेल्यावर मी तात्यांना विचारलं, "तुम्ही सांगणार का?"

तात्या वर बांधलेल्या पायाकडे बघत होते. म्हणाले, "मी काय सांगू? वळण आलं आणि मी डोळे मिटून घेतले. मला भीती वाटली, विमल. तू काय पाहिलंस ते तू सांग. मला विचारून सांगू नकोस."

अक्कानं पाहिलं नव्हतं, तिचं लक्ष शालूकडे होतं. म्हणजे पाहणारी मी एकटी. मी ठाण्यात जाऊन सांगितलं की मला बयान द्यायचं आहे. त्याच दिवशी मोटारी तपासणारे साहेब सोलापूरकडून आले होते आणि ठाण्याच्या आवारात जीपभोवती फिरत होते. किडकिडीत, चष्मेवाले, कपाळाला कायम आठी. दाजीही होते. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

साहेबांनी टायरवरून तळहात फिरवला. "याच्यावर नक्षी होती कधी काळी?"

दाजी म्हणाले, "टायर थोडे झिजलेत. पण ब्रेक नवे आहेत, साहेब. बघा, एकदम घट्ट."

"बघितले. उत्तम आहेत. म्हणूनच पडलात."

दाजी हसायच्या बेतात होते, थांबले.

साहेब हात पुसत म्हणाले, "ब्रेक गाडीला थांबवत नाही हो. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला सडक थांबवते. चाकानं सडक धरली तर. तुम्ही धरायला ठेवलंय काय? टायरच्या खाचा कशाला असतात? पाणी आणि चिखल त्यांतून बाजूला जावा आणि रबर खाली टेकावं म्हणून. खाचा गेल्या, मग चाक चिखलावर बसलं, सडकेवर नाही. त्यावर तुम्ही गच्च ब्रेक मारला. फिरणारं चाक वळवता येतं. थांबलेलं चाक म्हणजे दगड. दगडाला चक्र फिरवून सांगितलं इकडे वळ, तर तो वळतो का?"

"अचानक गाडी समोर आली," दाजी म्हणाले.

"वळणावर सगळं अचानकच येतं. वेग वळणाच्या अलीकडे कमी करायचा असतो, वळणात नव्हे. ओल्या सडकेवर अर्ध्या वेगानं जायचं, पुढच्यापासून दुप्पट लांब राहायचं. घसरलीच तर ब्रेकवरचा पाय काढायचा, चाक फिरू द्यायचं. हे अवघड असतं, कबूल आहे. भीती वाटली की पाय आणखी दाबला जातो. म्हणून मुळात तिथवर जायचंच नसतं."

दाजींनी वळून बाकाकडे बघितलं, आणि मी तिथं कशाला बसले आहे ते त्यांना कळलं.

संध्याकाळी अक्कानं मला स्वयंपाकघरात गाठलं. ती पोळ्या लाटत होती आणि लाटणं थांबलं नाही.

"तू ठाण्यात गेली होतीस."

"हो."

"कोर्टात पण सांगणार?"

"विचारलं की सांगणार."

"विमे, त्यांचं लायसन जाईल. गावात नाव जाईल. मला इथं राहायचंय."

"ज्ञानोबाला पण तिथं राहायचंय."

"तो कोण आहे तुझा?"

मी म्हटलं, "कुणी नाही. त्याचा बैल गेला, अक्का. वर त्यालाच गुन्हेगार करायचं?"

"बैलाचं काय सांगतेस मला," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं लाटणं थांबलं. "विचारलं तेवढंच सांग. आडवी होती की कडेला होती, नीट दिसलं नाही म्हण. खोटं पण बोलावं लागणार नाही. नाहीतर मग मला बहीण नाही असं समजेन."

मला तिचा राग आला नव्हता तेव्हा. तिच्या पाठीवरचे काळेनिळे डाग अजून गेले नव्हते. ज्या माणसापायी ते पडले, त्याच्यासाठी ती पोळ्या लाटत होती आणि त्याच्यासाठीच माझ्याशी भांडत होती. राग आला तो दाजींचा. ते बाहेर झोपाळ्यावर बसून सगळं ऐकत होते. आत येऊन एक शब्द स्वतः बोलले असते तर माणूस म्हणून मी त्यांचा थोडा तरी मान ठेवला असता. बायकोला पुढं केलं त्यांनी.

कोर्टातल्या पेशीच्या दिवशी मी सांगितलं. गाडी कडेला उभी होती. गाडीवान खीळ ठोकत होता. उजवीकडून वाट होती. वेग कमी केला नव्हता. ब्रेक लागला आणि चाकांचा आवाज बंद झाला. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "आवाज बंद झाला हे तुम्हाला नक्की आठवतं?" मी म्हटलं, "दुसरं काही आठवत नाही." ज्ञानोबा सुटला. दाजींना दंड झाला, लायसन काही काळ काढून घेतलं. बाहेर व्हरांड्यात ते माझ्या शेजारून गेले आणि न थांबता म्हणाले, "झालं समाधान?"

नाही झालं. लोकांना वाटतं खरं बोललं की मन हलकं होतं. माझं काही हलकं झालं नाही. तात्यांचा पाय दोन बोटं आखूड राहिला. देवळाच्या पायऱ्या त्यांना पुन्हा उतरता आल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरानं देवीचं केलं, त्या घरातला माणूस वर महाद्वारातून हात जोडून परत यायचा. ज्ञानोबाला दुसरा बैल मिळेपर्यंत तो उरलेला बैल शेजाऱ्याच्या बैलाला जोडून, सावड करून रान उरकायचा. आणि अक्काचं घर मला बंद झालं. संक्रांत गेली, नागपंचमी गेली. तात्यांना भेटायला ती यायची ती मी शाळेत असेन अशा वेळी. कपाटातल्या पातेल्यांची जागा बदललेली दिसली की मला कळायचं, अक्का येऊन गेली.

लग्नाचं पुन्हा कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही. मी पुढं शिकले, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले. घर्षणाचा धडा आला की पुस्तक मिटून ठेवायची. वर्गाबाहेरच्या शहाबादी फरशीवर काळ्या मातीचा राडा करायची आणि लाकडाची खेळण्यातली गाडी तिच्यावरून सोडायची. एकदा चाकं फिरती ठेवून, एकदा चाकांना दोरा बांधून. चाकं बांधलेली गाडी वळवून सोडली तरी सरळच जाते. पोरी हसायच्या. मी हसायची नाही, त्यामुळं त्या मला खडूस म्हणायच्या. म्हणोत. त्यांतल्या एखादीनं आपल्या नवऱ्याला वळणाच्या आधी 'हळू' म्हटलं असेल आणि त्यानं ऐकलं असेल, तर खडूसपणा वाया गेला नाही.

आजही मी तशीच आहे. मागच्या महिन्यात सोलापूरला डोळे दाखवायला जायचं होतं, भाड्याची गाडी बोलावली. बसायच्या आधी मी चारही टायर बघितले. ड्रायव्हर तरणा पोरगा, त्याला ते लागलं.

"आजी, गाडी नवीन हाय. ब्रेक मारला तरी चाक लॉक होत न्हाय हिचं. कंपनीनं सिस्टीम दिलीय."

मी म्हटलं, "छान. सडक कोरडी करायची सिस्टीम दिलीय का?"

त्यानं गाडी सुरू केली. भुरभुर सुरू होती. चौपदरी रस्ता आरशासारखा चमकत होता आणि आमच्या शेजारून गाड्या पाण्याचे फवारे उडवत जात होत्या, पुढच्या गाडीच्या शेपटीला नाक लावून, चालवणाऱ्याच्या एका हातात फोन. चालवणारा प्रत्येक माणूस दाजी आहे असं मला वाटत होतं. मी त्या पोराला घाट उतरेपर्यंत एकदाही वेग वाढवू दिला नाही. त्यानं परतीच्या वेळी दुसरी सवारी आहे म्हणून मला नाकारलं. मी एसटीनं आले.

आता तात्यांच्या जाण्याचं सांगायला हवं. तेही पावसाचेच दिवस होते, श्रावण सरत आला होता. अपघाताला बरीच वर्षं झाली होती. तात्या पहाटे झोपेतच गेले. उस्मानाबादेला निरोप सकाळीच पोचला, आणि ते निघाल्याचं उलट कळलंही. लायसन परत मिळून दाजींना जमाना झाला होता. जीप जाऊन दुसरी मोटार आली होती. तासाभराची वाट. तात्यांना आंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं, चुलतभाऊ ओलेत्यानं बसला होता. माणसं थांबली होती.

तास गेला. दुसरा गेला. भुरभुर होती, थांबत होती, पुन्हा येत होती. गल्लीतले म्हातारे कुरकुरायला लागले. काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "किती थांबायचं, विमल? आभाळ भरून येतंय. लाकडं भिजतील." मी म्हटलं, "थोरली लेक आहे, थांबा." वरून म्हटलं तसं, पण आत माझा संताप चढत होता. आजच्या दिवशीही उशीर. आजही दाढी, आजही चहा. मुद्दाम करतायत असंही मनात येऊन गेलं. आणि संतापाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते मला नको होतं. प्रत्येक मोटारीच्या आवाजाला मी दाराशी जात होते. ओढ्याजवळचं वळण माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. शालू आता मोठी झाली असेल, ती पुढं बसली असेल की मागं, असलं काहीतरी मी मोजत होते.

शेवटी मोटार आली. गल्लीच्या तोंडाशी थांबली. आधी शालू उतरली, लांब वेण्या घातलेली. मग दाजी. त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते. काका सगळ्यांदेखत त्यांच्यावर कडाडले, "वसंतराव, अहो केव्हाचे निघालात तुम्ही? तासाची वाट. माणूस अंगणात ठेवून आम्ही इथं तुमची वाट बघत उभे."

दाजींनी मान खाली घातली. बोलायला तरबेज असलेला तो माणूस हातातला रुमाल पिळत उभा राहिला.

अक्का मागच्या दारानं उतरली. तिनं तात्यांकडे बघितलं, मग काकांना बाजूला करून ती सरळ माझ्यापर्यंत आली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे एवढं सरळ बघितलं नव्हतं.

"हळू आलो," ती म्हणाली. "सडक ओली होती."

मी म्हटलं, "बरं केलंत." आणि आम्ही दोघी तात्यांपाशी जाऊन बसलो.